कलमांच्या उतारावर ट्रॅक्टर चालवायचा तर

आमच्या गावात सपाट जागा दोनच. वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि खालचा नदीकाठचा मळा. मधे सगळा उतार, आणि हापूसची कलमं, काजू, गोठे, घरं, सगळं त्या उतारावरच. राजापूर तालुक्यात, अर्जुनेच्या खोऱ्यात जे राहतात त्यांना हे सांगायला नको. या उतारावर मी २१ वर्षं ट्रॅक्टर चालवतो आहे. आधी काकांचा ४५ एचपीचा मोठा होता, आता माझा स्वतःचा २४ एचपीचा छोटा, फोर व्हील ड्राइव्हचा आहे. यंदा पुतण्या मुंबई सोडून कायमचा घरी आला आणि त्याने आल्या आल्या छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याला शिकवताना आठ दिवस मी ट्रॅक्टरच्या वरच्या अंगाने, चार पावलं लांब, चालत होतो. चालता चालता त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण आमच्याकडे आता वाडीवाडीत छोटे ट्रॅक्टर येताहेत आणि चालवायला शिकवणारा माणूस बहुतेक वेळा सपाटीवरचा असतो.

पहिली गोष्ट माझ्यावर आलेल्या प्रसंगाची. ऐनाचं एक झाड पडलं होतं, त्याचा ओंडका पऱ्यातून, म्हणजे ओहोळातून, वर रस्त्यावर काढायचा होता. ड्रॉबारची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली ओढायला असलेल्या दांड्याची, पिन ट्रॉलीबरोबर घरी राहिलेली. घर लांब, दिवस कलतीला आलेला. मी साखळी वर टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथे, अडकवली आणि चढाला लागलो. ओंडका एका दगडाला अडला, मागची चाकं जागच्या जागी रुतली आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. समोर रस्ता दिसत होता, तो दिसेनासा झाला आणि आभाळ दिसायला लागलं. पाय क्लचवर होता म्हणून दाबला गेला, पुढचा भाग धाडकन खाली आला. काका वर गडग्यावर, रचलेल्या दगडी बांधावर, उभे होते. ते काही बोलले नाहीत. खाली आले, साखळी स्वतःच्या हाताने सोडवली आणि म्हणाले, "ओंडका राहू दे हितंच. पावसात कुजला तरी चालंल."

त्या दिवशी काय झालं ते मला पुढे नीट कळलं. इंजिन मागच्या आसाला फिरवतं आणि आस चाकांना फिरवतो. चाकं फिरायला मोकळी असली तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाकं रुतली, किंवा मागचं ओझं हलेना, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धूडच त्या आसाभोवती मागे फिरायला लागतं. ओझं जितकं वर बांधाल तितकं ते धुडाला मागे ओढतं. चढावर वजन आधीच मागच्या चाकांवर आलेलं असतं, त्यामुळे पुढचा भाग उचलायला फारसा जोर लागत नाही. पुढची चाकं उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा ठिकाणी पोचतो की तिथून क्लच दाबूनही तो परत येत नाही, आणि दीड सेकंदात तो पाठीवर पडलेला असतो. पाऊण सेकंदात माणूस काही ठरवू शकत नाही. म्हणून उतारावरचं सगळं ठरवणं खाली उभं असताना, इंजिन बंद असताना व्हायला हवं. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीसाठीच आहे.

ओढायचं काहीही असो, ते ड्रॉबारलाच लावायचं. टॉप लिंकला नाही, आसाला नाही, सीटखालच्या कुठल्याही हुकाला नाही. पिन ट्रॉलीबरोबर राहते म्हणून मी आता दोन पिना ठेवतो, एक कायम टूलबॉक्समध्ये.

उतार मोजायचा

डोळ्यांनी उतार कळत नाही. रोज बघून तो सपाट वाटायला लागतो. मोजायला काही मोठं लागत नाही. बरोबर एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या आणि गवंड्याकडे असते ती पाणसळ. काठीचं एक टोक उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, काठी पाणसळीत आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत किती अंतर भरतं ते टेपने बघा. ९ सेंटिमीटर भरलं तर उतार ५ अंश. १८ भरलं तर १०, २७ भरलं तर १५, ३६ भरलं तर २० अंश. मोबाईलमध्येही अंश दाखवणारं लेव्हल असतं, पण ते फळीवर ठेवून बघा, दगडावर ठेवून नाही. एकाच जागी मोजून थांबू नका. प्रत्येक रांगेत तीन-चार ठिकाणी मोजा.

तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात किती उताराला चालवायचा ते दिलेलं असेल तर तीच तुमची मर्यादा. माझी स्वतःची मर्यादा अशी आहे: उभा चढ-उतार १५ अंशांपर्यंत, तोही कोरड्या जमिनीवर आणि मागे ट्रॉली नसताना. आडवं, म्हणजे उतार एका अंगाला ठेवून, चालायचं तर १० अंशांच्या आत. कुणी म्हणेल, मी २० अंशांवर आडवा घेतो, मला काही झालं नाही. होत नाही तोवर होत नाही. कारण उतार एकटा कधीच नसतो. माझ्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण एक मीटर आहे. गवतात लपलेल्या २० सेंटिमीटरच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तुकड्यावर वरच्या अंगाचं चाक चढलं की तेवढ्यापुरता ट्रॅक्टर आणखी ११ अंश कलतो. १० अंशांच्या उतारावर तुम्ही त्या घटकेला २१ अंशांवर असता. त्याच वेळी खालच्या अंगाचं चाक साळिंदराच्या बिळात गेलं तर पुढचा हिशोब तुम्हीच करा. वेगाने गेलात तर हा हिसका आणखी जोरात बसतो, आणि वळणावर वेग दुप्पट केला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

मोजून झाल्यावर खुणा करा. आम्ही बागेत कलमांच्या खोडांना चुन्याचे पट्टे मारलेत. एक पट्टा म्हणजे इथवर ट्रॅक्टर उभा नेता येतो. दोन पट्टे म्हणजे इथून खाली ट्रॅक्टर न्यायचाच नाही. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, गवत वाळलेलं असतं आणि जमिनीचा आकार उघडा दिसतो. पावसानंतर कंबरभर गवतात काहीच कळत नाही.

आधी पायांनी

नव्या जागेत ट्रॅक्टर घालण्याआधी तो पूर्ण रस्ता चालून बघायचा. हातात काठी आणि कोयता घेऊन. वारुळं, बिळं, तुटलेले चिरे, जुन्या झाडांचे बुंधे, कलमांच्या खाली खणलेले अर्धचंद्राकृती चर, सगळं काठीने चाचपत. माझा पुतण्या पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, हे सगळं मला माहितीय, लहानपणापासून खेळलोय इथे." मग त्याच रांगेत आम्हाला दोन बिळं आणि गवतात बुडालेला एक ओंडका सापडला. तो ओंडका त्याच्या बाबांनीच दहा वर्षांपूर्वी तिथे टाकला होता.

गडग्याच्या किंवा बांधाच्या कडेचं अंतर हे आमच्याकडे सगळ्यात घातकी. खालच्या कोपऱ्यापासून बांध जितका खोल, किमान तितकं अंतर कडेपासून सोडायचं. बांध दीड मीटर खोल असेल तर चाक कडेपासून दीड मीटर आत. पावसात किंवा भरलेल्या मातीवर त्याच्या दुप्पट. चिऱ्याचा गडगा वरून पक्का दिसतो, पण तो चुन्या-सिमेंटशिवाय नुसता रचलेला असतो, आणि आतली माती पाण्याने भरली की ट्रॅक्टरचं वजन त्याला बाहेर ढकलतं. भाताच्या बांधात खेकड्यांनी पोखरलेलं असतं ते वेगळंच.

आणि चालताना स्वतःला एक विचारायचं, मला इथे ट्रॅक्टर खरंच न्यायचा आहे का? हापूसच्या बागेत मोहोरावर फवारणी करायला लोक ६०० लिटरची टाकी घेऊन प्रत्येक कलमापाशी जातात. त्याची गरज नसते. ट्रॅक्टर सपाट टप्प्यावर उभा करा, फवारणीची नळी शंभर मीटर लांब घ्या आणि माणूस नळी घेऊन खाली जाऊ दे. नळीचा खर्च एकदाच होतो. अर्धी भरलेली टाकी तर उतारावर न्यायचीच नाही. पूर्ण भरलेल्या टाकीतलं पाणी जागेवर बसतं, अर्ध्या टाकीतलं पाणी ट्रॅक्टर कलला की सगळं खालच्या अंगाला धावतं आणि ट्रॅक्टरला आणखी कलवतं. कमीच पाणी न्यायचं असेल तर २०० लिटरचे ड्रम भरगच्च भरून न्या, बाकीचे रिकामे घरी ठेवा.

उतारावर रोटाव्हेटर आणि नांगर चालवण्याबद्दल माझं मत कडक आहे. सुरक्षिततेसाठी उभं चालावं लागतं आणि उभी नांगरट केली की जूनच्या पहिल्या चार पावसांत तुमची लाल माती पऱ्यात जाते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मातीचा थर मुळात वीतभर. माती वाचवायला आडवं नांगरावं तर ट्रॅक्टर लवंडतो. दोन्ही वाचवायचं तर उतार नांगरायचा नाही, गवत राखायचं आणि वेळेवर कापायचं. जिथे ट्रॅक्टर उभा जाऊ शकत नाही तिथे ग्रास कटरने किंवा कोयत्याने बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची कापणी, करायची.

चाकं, वजनं आणि मागची कमान

बरेच जण छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं आत घेऊन, अरुंद करून ठेवतात, "बागेचा ट्रॅक्टर" म्हणून. आमच्या जुन्या बागा १० बाय १० मीटरवर लावलेल्या आहेत, काजू ७ बाय ७ वर. तिथे अरुंद ट्रॅक्टरची गरज काय? ज्या ट्रॅक्टरची मागची रिम उलटी बसवून चाकं रुंद करता येतात, त्याची ती रुंदात रुंद करून घ्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे, मेकॅनिककडून नट व्यवस्थित आवळून घ्या आणि चार तास चालवल्यावर पुन्हा आवळा.

मागच्या चाकांत पाणी भरलं तर वजन खाली, जमिनीजवळ राहतं. उतारासाठी ते चांगलं. मागे जड अवजार असेल तर पुढे बंपरवर वजनं लावा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर फिरत नाही. दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये हवा सारखी हवी. खालच्या अंगाच्या टायरमध्ये हवा कमी असली तर तेवढा उतार तुम्ही स्वतःच वाढवता.

आता मागच्या कमानीबद्दल, म्हणजे सीटच्या मागे असते ती लोखंडी कमान आणि तिच्याबरोबरचा पट्टा. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना ही चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी कमान जमिनीला टेकते आणि माणसासाठी जागा राहते, पण माणूस त्या जागेतच राहिला तर. तो राहावा म्हणून पट्टा. पट्टा न लावता कमान उपयोगाची नाही, कारण माणूस बाहेर फेकला जातो आणि कमानीखालीच येतो. "मी उडी मारीन" हे मी फार लोकांकडून ऐकलं आहे. ट्रॅक्टर खालच्या अंगाला लवंडतो आणि माणूसही त्याच अंगाला फेकला जातो.

आमच्या बागांत खरी अडचण वेगळीच आहे. हापूसच्या खालच्या फांद्या छातीएवढ्या उंचीवर पसरलेल्या असतात. कमान त्यांना अडकते, म्हणून लोक ती घडी करून मागे टाकतात आणि मग ती वर्षभर तशीच राहते. मी स्वतः तीन वर्षं तसा चालवला. आता मी असं करतो: जाण्यायेण्याच्या रांगेतल्या खालच्या फांद्या आंबा उतरल्यावर छाटतो, म्हणजे कमान उभी ठेवून जाता येतं. जिथे फांद्या छाटायच्या नाहीत, तिथे झाडाखाली शिरतच नाही. सपाट जागी, अगदीच इलाज नसेल तेव्हा कमान पाडली, तर तेवढा वेळ पट्टा सोडायचा. कमान पाडलेली असताना पट्टा बांधून बसणं म्हणजे ट्रॅक्टरखाली स्वतःला बांधून घेणं. झाडाखालून बाहेर आलं की पहिलं काम, उतरून कमान उभी करायची, दोन्ही खिळी लावायची, पट्टा बांधायचा.

उन्हासाठी लावलेलं पत्र्याचं किंवा फायबरचं छप्पर म्हणजे कमान नव्हे. गावातल्या वेल्डरकडून पाइप वाकवून केलेली कमानही नको. तुमच्या ट्रॅक्टरला कंपनीची कमान मिळते का ते विक्रेत्याकडे विचारा.

चढताना, उतरताना

उतारावर पाय ठेवण्याआधी दोन्ही ब्रेकपेडल जोडणारी पट्टी लावा. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात झटक्यात वळायला. उतारावर एकच ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. ही पट्टी न लावता निघालेला माणूस मी रस्त्यावरही बघतो, मला भीती वाटते.

गिअर वर, सपाटीवर असतानाच ठरवायचा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये, किंवा त्याच्याही खालच्या गिअरमध्ये तो उतरायचा. मधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. क्लच दाबला की इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर येतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतरायला लागण्याआधी तो लावून घ्या, मग इंजिन चारही चाकांनी ट्रॅक्टर धरून ठेवतं. उतरताना चाकं घसरायला लागली तर ब्रेक आणखी दाबण्याचा मोह होतो. उलट करा. ब्रेक थोडा सोडा, थोडं ॲक्सिलरेटर द्या म्हणजे चाकं पुन्हा जमिनीबरोबर फिरायला लागतील, आणि ट्रॅक्टर सरळ खालच्या दिशेला ठेवा. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ, लावला असेल तर वळण्याआधी सोडा, लॉक असताना ट्रॅक्टर सरळच जातो.

टू व्हील ड्राइव्हवाल्यांनी तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढावा. विचित्र वाटतं, पण जड भाग वरच्या अंगाला राहतो आणि मागे उलटण्याचा प्रश्नच येत नाही. उतरताना मग तोंड खाली करून सरळ. चढावर निघताना क्लच हळूहळू सोडा. झटक्याने सोडलेल्या क्लचने पुढची चाकं उचललेली मी दोनदा पाहिली आहेत, दोन्ही वेळा मागे काही जोडलेलं नव्हतं.

आडवं जाणं टाळता येत नसेल तर अवजार जमिनीपासून वीतभरच उचललेलं ठेवा, एका बाजूला काही जड असेल तर ते वरच्या अंगाला, आणि वेग चालत्या माणसाएवढा. ट्रॅक्टर लवंडतोय असं वाटलं तर स्टिअरिंग उताराच्या खालच्या दिशेला. वरच्या दिशेला वळवलं की ट्रॅक्टर आणखी बाहेर फेकला जातो. हात आपोआप वरच वळवू पाहतात, म्हणून पुतण्याला मी हे मळ्यात, सपाट जागी, पन्नास वेळा करायला लावलं. मी ओरडायचो "लवंडला!" आणि तो डाव्या-उजव्या ज्या बाजूला मी हात दाखवीन तिकडे वळवायचा.

ट्रॉली

एक जांभा चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, आकार मोठा असेल तर अधिक. १०० चिरे म्हणजे तीन टन. माझा ट्रॅक्टर एक टनाच्याही आत आहे. चिरेखाणीवरून चिरे आणणारे मोठे ट्रॅक्टर गावच्या घाटीत उतरताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते, कारण बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ट्रॅक्टरने ब्रेक लावला की ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टरची मागची चाकं घसरतात आणि ट्रॉली वळणावर एका बाजूला फिरते. माझा नियम असा की ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जड नको, आणि घाटीत तर त्याच्या अर्धी. चार फेऱ्यांऐवजी आठ होतात, होऊ देत.

ओझं ट्रॉलीच्या आसाच्या थोडं पुढे असावं. मागे जास्त भरलं तर ट्रॉलीची जीभ वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, तीच तर ब्रेकची चाकं. वळणाआधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. मे महिन्यात वाशीच्या मार्केटला जाणारी गाडी पकडायला आपण रात्री अकरा-बारापर्यंत आंब्याचे क्रेट बागेतून काढतो. क्रेट पाच-सहा थरांपेक्षा उंच रचू नका, दोरीने आवळा, आणि दिवसभर उन्हात आंबा काढलेला माणूस रात्री ट्रॉली उतरवणार नाही असं आधीच ठरवा. आमच्याकडे रात्रीची ट्रॉली मी चालवतो आणि त्या दिवशी दुपारी मी झोपतो.

पाऊस, पातेरा, चिखल

पावसात उतारावर ट्रॅक्टर नाही. पाऊस थांबल्यावरही लगेच नाही. कातळावर शेवाळ आणि लाल मातीवर वरचा बोटभर थर लोण्यासारखा होतो, खालची जमीन मात्र घट्टच असते, त्यामुळे टायरचे दात आत रुततच नाहीत. मी पाऊस उघडल्यावर निदान दोन कोरडे दिवस थांबतो. पण उन्हाळ्यातही निर्धास्त राहू नका. काजूखालचा आणि कलमांखालचा पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, टायरखाली पत्त्यांसारखा सरकतो, आणि सड्याच्या कडेची जांभ्याची बारीक खडी गोट्यांसारखी. पऱ्या ओलांडून आलात तर चढाला लागण्याआधी सपाटीवर ब्रेक लावून बघा, जुन्या ट्रॅक्टरचे तेलात न बुडवलेले, कोरडे ब्रेक भिजले की धरत नाहीत.

ट्रॅक्टर रुतला तर आधी रिव्हर्स घेऊन बाहेर काढायचा प्रयत्न करा. मागच्या चाकापुढे फळी, ओंडका घालणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती सोडायलाच हवी. चाकाला ओंडक्याने अडवलं, इंजिन मात्र जोर लावतंय, म्हणजे पुन्हा तेच, धूड मागे फिरतं. चाकाला साखळीने लाकूड बांधणं त्याहून वाईट. रिव्हर्सने निघत नसेल तर चाकामागची माती खणा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणून लांब साखळीने, ड्रॉबारला लावून ओढा. आजूबाजूच्या सगळ्यांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा, तुटलेली साखळी चाबकासारखी परत येते.

मडगार्डवर कुणी नाही

ट्रॅक्टरवर एक सीट असते, एकाच माणसाची. आपल्याकडे मडगार्डवर पोरं बसवतात, मागे लिंकवर गडी उभा राहतो, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांना बागेतून फेरी मारतात. मला हे बघवत नाही. मडगार्डवर बसलेल्या पोराच्या आणि मागच्या चाकाच्या मधे काहीही नसतं. शेजारच्या वाडीत एक लहान मुलगा असाच गेला, चालवणारे त्याचे सख्खे आजोबा. त्यानंतर त्या माणसाने ट्रॅक्टरला हात लावला नाही. माझ्या घरी पोरांनी हट्ट केला तर मी ट्रॅक्टर बंद करून, अंगणात, त्यांना सीटवर बसवतो आणि स्टिअरिंग हलवू देतो. तेवढ्याने ती खूश असतात.

बागेत राखणीला, बेणणीला असलेल्या माणसांनाही सांगून ठेवा, विशेषतः नेपाळहून आलेल्या नव्या माणसांना, की ट्रॅक्टर उतारावर असताना त्याच्या खालच्या अंगाला कुणी थांबायचं नाही. बोलायचं असलं तर वरच्या अंगाने या.

थांबताना, आणि काही झालंच तर

उतारावर थांबावंच लागलं तर अवजार जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा, तोंड खाली असेल तर रिव्हर्समध्ये. खालच्या अंगाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. दगड नको, गोल दगड निसटतो. मी दोन ठोकळे सीटखाली कायम ठेवतो. उतरायचं ते वरच्या अंगाने, आणि किल्ली खिशात.

उतारावर जाताना घरी सांगून जायचं, कुठल्या रांगेत आहे आणि किती वाजेपर्यंत परत येईन. पऱ्याच्या बाजूला मोबाईलला रेंज नसते. ठरलेल्या वेळी मी आलो नाही तर आमच्या घरून हाळी घालतात आणि मी हाळी देतो. उत्तर आलं नाही तर कुणीतरी निघतं.

ट्रॅक्टर उलटला आणि कुणी खाली असेल तर आधी इंजिन बंद करा, डिझेल गळतंय का बघा, जवळ कुणी विडी-सिगारेट पेटवायची नाही. १०८ला फोन करा आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा, अँब्युलन्सला वाडीची वाट सापडत नाही. ट्रॅक्टर आणखी घसरणार नाही म्हणून आधी ठोकळे, मग जॅक. दुसऱ्या ट्रॅक्टरने घाईघाईने ओढू नका, ओढताना तो माणसावर परत फिरू शकतो.

पुतण्याने जूनच्या पहिल्या पावसाआधी एकट्याने बागेची फेरी पूर्ण केली. दोन पट्ट्यांच्या खाली आमची २६ कलमं आहेत. ती तो ग्रास कटरने बेणतो, ट्रॅक्टर वरच्या टप्प्यावर, ठोकळे लावून उभा असतो.